उतरती गोळी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, रोज संध्याकाळी थकवा दहापैकी किती, तेवढं लिहा. तो आकडा मी स्नेहलने फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहीन. ही वही वेगळी. ही कंपनीतल्या माझ्या कपाटात राहील, सुट्टीला डब्याच्या पिशवीत. काही गोष्टी बायकोने वाचायच्या नसतात.

पाच वर्षांपूर्वी माझ्या तोंडात आणि पाठीवर फोड आले. भाकरीचा तुकडा चावला की रक्त यायचं. तेव्हापासून स्टेरॉईडची गोळी. फोड गेले, गोळी राहिली. तोंड गोल झालं, शुगर आली, वजन सोळा किलो वाढलं. आता दोन वर्षं एकही फोड नाही, म्हणून गोळी उतरवायची. पंधरा मिलिग्रॅम चालू होती, आजपासून साडेबारा.

मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं बाहेरून मिळालं, म्हणून तुमच्या शरीराने स्वतःचं स्टेरॉईड बनवणं सोडून दिलंय. ते जागं व्हायला महिने लागतील. तोवर थकवा येणार, चिडचिड होणार. पण स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करायची नाही आणि एकही वाढवायची नाही. जिवावर बेतू शकतं."

मी विचारलं, "शरीर बनवत नाही, हे कशावरून?" त्यांनी रक्ताचा रिपोर्ट दाखवला. मी दोनदा वाचला. चोवीस वर्षं नागापूरच्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहे, मोटारीचे शाफ्ट माझ्या हाताखालून जातात. दुसऱ्याने 'बरोबर आहे' म्हटलं की मी पुन्हा मोजतो. पगार त्याचाच मिळतो.

निघताना त्यांनी एक कागद दिला. हा पेशंट स्टेरॉईडवर आहे, कोसळला तर अमुक इंजेक्शन ताबडतोब द्या, असं त्यावर लिहिलंय. कायम खिशात ठेवा म्हणाल्या. आजारपणाचा बिल्ला लावून मी फिरणार नाही. कागद स्नेहलकडे दिला.

रविवार, ९ नोव्हेंबर

थकवा ६. दात घासताना स्टुलावर बसलो.

शुक्रवारी कानिफनाथने मी पास केलेल्या ट्रेमधले चार शाफ्ट पुन्हा मोजले. मी पाणी प्यायला गेलो होतो, परत येताना काचेतून दिसलं. कानिफनाथ तीन वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आला. मायक्रोमीटर धरायला मी शिकवलं त्याला. विचारलं तर म्हणाला, "सहजच, सहादेवभाऊ."

इन्स्पेक्शनमध्ये सहज असं काही नसतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

परवापासून दहा. थकवा ८.

झोप आल्यासारखं नाही हे. झोप आली तर माणूस झोपून उठतो. इथे उठल्यावरच जास्त होतं. हातापायातलं बळ कुणीतरी काढून नेल्यासारखं. दुपारी चहाचा कप हातात धरून डोळा लागला आणि चहा मांडीवर सांडला. कानिफनाथने फडकं आणून दिलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. जरा जास्तच होती.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आई आली मिरजगावहून. माझ्या थोरल्या भावाने, छगनदादाने माळीवाड्याच्या स्टँडवर उतरवून दिलं, बरोबर बाजरीचं पीठ आणि ठेचा. स्नेहल तिला आत्या म्हणते, तिनेच बोलावलं असणार. मला आधी सांगितलं नाही.

मी जिना चढत होतो आणि आई वरून बघत होती. दोन जिन्यांत मी तीनदा थांबलो.

"सादेव, तुजं त्वांड बघ कसं उतरलंय," म्हणाली.

"गोळी कमी केलीय म्हणून गं."

"कमी कशापायी? ज्या गोळीनं मानूस उबा ऱ्हातो, ती काढून घ्यायची व्हय?"

तिचं तोंड मात्र चांगलं भरलंय, गाल गोल झालेत. पंच्याहत्तरी आली, गुडघ्यांची एवढी बोंब होती, पण आता तुरुतुरु चालते. माझ्या आधी जिना चढून गेली. गावची हवा.

गुरुवार, ४ डिसेंबर

थकवा ३. तीन! आठवडाभरात पहिल्यांदा जिना न थांबता चढलो. दिवसभरात अडीचशे शाफ्ट तपासले.

शरीर जागं होतंय बहुतेक. रोज सकाळी आई हळद घातलेलं दूध देते. कडू लागतं, हळद जुनी असेल, पण तिचं मन मोडवत नाही. ती समोर उभी राहून पेला रिकामा करून घेते, लहानपणी करायची तसं.

शनिवार, २० डिसेंबर

मॅडम खूश. फ्रिजवरचा कागद नेला होता, सगळे आकडे तीन, चार. "तुम्ही तर पुस्तकातल्यापेक्षा लवकर सावरताय," म्हणाल्या. शुगर मात्र वाढलेली निघाली. गोळी कमी होतेय तर शुगर उतरायला हवी, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. गोड खाता का, विचारलं. स्नेहल लगेच म्हणाली, "नाही मॅडम, मी देतच नाही."

माझ्या ताटात काय पडतं ते हिलाच माहीत. तिला एवढ्या घाईने उत्तर द्यायची गरज काय होती?

आजपासून साडेसात.

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

कंपनीतून लवकर आलो. स्नेहल गच्चीत फोनवर बोलत होती. "नाही, त्यांना कळू देऊ नका. चिडतील," एवढं ऐकू आलं. मला बघितल्यावर "ठेवते" म्हणाली आणि दोरीवरचे कपडे गोळा करायला लागली. कपडे ओले होते.

मी विचारलं, कुणाचा फोन?

"पूजाचा." पूजा आमची मुलगी, पुण्याला शिकते.

पूजाला ती अहो-जाहो करत नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

संक्रांतीच्या दिवशी स्नेहलचा फोन चार्जिंगला होता. मी बघितला. बघायला नको होता, पण बघितला. सहा तारखेला दुपारी कानिफनाथ. त्याच्या आधी कानिफनाथ. डिसेंबरात चार वेळा.

त्या दिवसापासून मी दोघांशीही नेहमीसारखंच वागतोय. डाग सापडला म्हणून लगेच आरडाओरडा करायचा नसतो, तो कुठून येतो ते आधी शोधायचं.

उद्या तपासणी.

शनिवार, १७ जानेवारी

आजपासून पाच. मॅडम म्हणाल्या, इतकं छान चाललंय तर पाचवर येऊ आणि तिथे जरा थांबू.

सोमवार, २ फेब्रुवारी

आई गावाला गेली. ज्वारी काढायला आलीय आणि छगनदादाला माणसं मिळत नाहीत. मी म्हटलं, या वयात तू काय काढणार? म्हणाली, "बांधावर बसून का व्हईना, लक्ष ऱ्हातंय. पंदरा दिसांत येते." जाताना स्नेहलला म्हणाली, "त्याला दूद दे पोरी सकाळचं. इसरू नगं."

आईच्या डोळ्यांत पाणी होतं. पंधरा दिवसांसाठी? मला वाटतं, तिलाही या घरात काहीतरी दिसलंय.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

थकवा ९.

परवापासून उतरणीला लागलोय. अंघोळीचा तांब्या उचलताना हात थरथरतो. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार. जेवण नको वाटतं, पण मीठ खावंसं वाटतं, आज लोणच्याच्या बरणीत बोट घालून चाटलं.

स्नेहल रोज दूध देते, अजिबात कडू लागत नाही. म्हणजे हळदही ती धड घालत नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सापडलं.

गोळीचं पाकीट वेगळं आहे. आधीच्या पाकिटावर हिरवी पट्टी होती, याच्यावर काही नाही. मी एक गोळी खिशात घालून कंपनीत नेली आणि मायक्रोमीटरवर धरली. रिकाम्या पाकिटात जुन्या गोळीचा तुकडा होता, तोही मोजला. नवी गोळी चार दशांश मिलिमीटरने पातळ आहे.

स्नेहलला विचारलं. म्हणाली, "सरकारी स्वस्त औषधांच्या दुकानातून आणली. औषध तेच आहे, कंपनी वेगळी. मॅडमना विचारून आणली."

"कधीपासून?"

"एक तारखेपासून."

एक तारखेपासून नवी गोळी, तीन तारखेपासून मी आडवा. यात आणखी काय सिद्ध करायचं राहिलं? मॅडमना फोन करणार होतो, पण 'मॅडमना विचारून आणली' असं ही म्हणते. तिकडेही हिचं बोलणं झालेलं आहे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

सकाळी तिच्या हातून गोळी घेतली, तोंडात टाकल्यासारखं केलं आणि खिशात घातली. बनावट औषध पोटात घालण्यापेक्षा काही न घातलेलं बरं. सोमवारी मधल्या सुट्टीत जुन्या दुकानातून खरी आणीन.

रविवार, ८ फेब्रुवारी

उलटी झाली. गोळी खिशातच.

स्नेहल म्हणाली, चला, मॅडमकडे जाऊ. मी म्हटलं, तुला एवढी घाई कसली? ती रडायला लागली. मग मी बोललो. कानिफनाथचं नाव घेतलं. फोनचं सांगितलं. म्हणालो, "दोघं मिळून मला संपवायला निघालात. त्याला माझी खुर्ची पाहिजे, तुला काय पाहिजे ते तू सांग."

ती रडायची थांबली. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणी परका माणूस चुकून तिच्या घरात शिरलोय. मग आत गेली आणि भांडी घासायला लागली. एवढी कसली भांडी होती कुणास ठाऊक. तासभर आवाज येत होता.

सोमवार, ९ फेब्रुवारी

जुन्या दुकानापर्यंत चालवलं नाही. गेटवरूनच परत आलो. गेजवरची एकच रेघ दोन दिसते.

शनिवार, १४ फेब्रुवारी, हॉस्पिटल

एका हाताला सलाईन आहे, पण लिहायला हवं.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास टेबलाशेजारी कोसळलो. मला काहीच आठवत नाही, हे सगळं नर्सकडून कळलं. कानिफनाथने मला कंपनीच्या टेम्पोत घातलं आणि इथे आणलं. इथले डॉक्टर हार्टॲटॅक समजून धावपळ करत होते. कानिफनाथने स्वतःच्या पाकिटातून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. हा पेशंट स्टेरॉईडवर आहे, हे इंजेक्शन ताबडतोब द्या. बीपी जवळजवळ सापडतच नव्हतं. नर्स म्हणाली, "आणखी अर्धा तास गेला असता तर अवघड होतं, काका. तो कागद होता म्हणून."

मी खिशात ठेवायला नको म्हटलेला कागद. स्नेहलने त्याची झेरॉक्स काढून नोव्हेंबरातच कानिफनाथला दिली होती. ते फोनही त्यासाठीच. आज जेवले का, चक्कर आली का, जिना कसा चढले.

भेटायच्या वेळेत कानिफनाथ येऊन गेला. आधी तोच बोलला. "सहादेवभाऊ, एक सांगतो, दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं. मॅनेजरसाहेबांना मीच सांगितलं होतं, की भाऊंच्या हातून माल चुकतोय. जानेवारीत तुमच्या पास केलेल्या दोन लॉटमधून मी एकोणीस शाफ्ट काढले. आता तुमची जागा मला दिलीय."

म्हणजे एक संशय खरा होता. पण त्याचं काय करायचं, ते कळेना. मी म्हटलं, "एकोणीस?" तो म्हणाला, "एकोणीस."

रविवार, १५ फेब्रुवारी, हॉस्पिटल

ही वही कानिफनाथनेच माझ्या कपाटातल्या डब्याबरोबर स्नेहलला आणून दिली होती. काल ती माझ्या उशाशी ठेवली होती, तेव्हा मला वाटलं, तिने उघडली नसेल.

आज विचारलं. म्हणाली, "वाचली. पहिल्या पानापासून."

मी भिंतीकडे बघितलं.

"माझ्याविषयी काय लिहिलंय ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी हे सांगा, दूध कडू का लागायचं?"

"हळद जुनी..."

"हळद मी दिवाळीत दळून आणलीय. मी दिलेलं दूध कडू लागलं नाही. आत्या आल्या आणि पाच दिवसांत तुमचा आकडा आठावरून तीनवर आला. आत्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आडवे झालात. शुगर गोळी कमी होताना वाढली. हे सगळं तुम्हीच लिहिलंय."

चोवीस वर्षं मी मोजमाप करतोय. पेल्याचं मोजमाप मात्र एकदाही केलं नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी, हॉस्पिटल

आई आली. छगनदादाने घाईने आणली. खाटेशी बसून माझे पाय चेपायला लागली. तेवढ्यात डॉक्टर मॅडम फेरीला आल्या. त्यांनी माझा केसपेपर बघितलाच नाही, आईकडेच बघत राहिल्या. तिचे गोल गाल, मग दंडावरचे जांभळे डाग. आईचा हात हातात घेऊन कातडी चिमटीत धरली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

"आजी, तुम्ही गुडघ्यांसाठी काय घेता?"

"काय न्हाई बया. गावातल्या मेडिकलवाल्याची पांडरी गोळी."

"किती वर्षं?"

"झाली की आठ-नऊ. लई गुनाची हाय. आदी मला उटता येत नव्हतं."

"आणि यांना?"

आईने स्नेहलकडे बघितलं, मग माझ्याकडे. कनवटीची पिशवी सोडली. त्यातून एक पाकीट काढून खाटेवर ठेवलं. मॅडमनी वाचलं आणि मान हलवली. माझ्या गोळीच्याच जातीचं औषध, फक्त जास्त जोरदार.

"दोन कुटायची आन् दुदात," आई म्हणाली. आवाज आधी लहान होता, मग चढला. "मंग काय करू? लेक जिन्यात भिताडाला धरून हुबा ऱ्हातोय, आन् म्या वरनं बगत बसू? तुमी मोठ्या लोकांनी त्याची गोळी काडून घेतली. माज्याजवळ हुती, म्या दिली. इख घातलं का म्या? पोटच्या पोराला इख घालीन का म्या?"

शेजारच्या खाटेवरचा माणूसही उठून बसला होता.

मॅडम तिच्याजवळ टेकल्या. म्हणाल्या, "नाही आजी. विष नाही घातलं तुम्ही. पण यांचं शरीर जागं होतंय असं आम्ही समजलो, आणि ते झोपलेलंच होतं. तुम्ही गेलात आणि एकदम सगळंच बंद झालं." मग माझ्याकडे वळून, "आणि वरून तुम्ही तीन दिवस गोळी खिशात घातलीत."

आईला ते माहीत नव्हतं. "का रं?" म्हणाली.

मी सांगितलं नाही. स्नेहल खिडकीपाशी उभी होती, तीही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आईची गोळीही उतरवायची आहे. तिचीही एकदम बंद करता येणार नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

घरी. दहावर आहे, महिना-दीड महिना तिथेच. थकवा ५.

आज स्नेहलला म्हटलं, "माझी चूक झाली. जे बोललो ते बोलायला नको होतं."

ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "मॅडम म्हणतात, गोळी उतरवताना माणूस संशयी होतो. औषधामुळे होतं." चपाती तव्यावर टाकून म्हणाली, "पण किती औषधाचं आणि किती तुमचं, ते कुठल्या मशीनवर मोजायचं?"

लग्नाला एकवीस वर्षं झाली.

गुरुवार, १२ मार्च

कंपनीत स्टोअरला घेतलंय, बसून काम. कानिफनाथ माझ्या जुन्या टेबलावर. एक शाफ्ट घेऊन आला, म्हणाला, "भाऊ, हा मापाच्या रेघेवरच आहे, काय करू?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? म्हणाला, "नापास." मी म्हटलं, मग विचारतोस कशाला? दोघंही हसलो. त्याने खरंच विचारलं, की मला बरं वाटावं म्हणून? असो.

रविवार, २२ मार्च

आईची गोळी दुसऱ्यांदा उतरली. पाडव्याला पुरण वाटायला म्हणून बसली आणि भिंतीला टेकली ती टेकलीच. दिवसभर खाटेवर असते. केस विंचरायलाही हात वर जात नाहीत. नऊ वर्षं दबलेले गुडघे आता सगळे एकदम बोलायला लागलेत. गावात सगळ्यांच्या आधी पाणी भरून मोकळी होणारी बाई ही.

आज दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. स्नेहल आत होती.

"सादेव," ती हळूच म्हणाली, "येक दे."

"नाही आई."

"येकच. गुडघं जळत्यात रं. कुनाला सांगत न्हाई म्या."

"मॅडमनी काय सांगितलं?"

"तिला काय हुतंय सांगायला." मग माझा हात धरला. तिच्या हातात जोर नव्हता. "तू जिन्यात उबा ऱ्हायचास, तवा मला बगवत नव्हतं. तुला बगवतंय व्हय?"

मी उठलो. कपाट उघडलं. तिचं पाकीट काढून एक गोळी तळहातावर घेतली, पेल्यात पाणी ओतलं आणि तिच्या खाटेकडे निघालो. आई उठून बसायला लागली, कोपरावर रेटून, दात आवळून. तोंडावर अशी आशा की मला पुढचं पाऊल टाकवेना आणि मागेही जाववेना.

गोळी परत ठेवली. कपाटाला कुलूप लावून स्वयंपाकघरात गेलो आणि चावी स्नेहलपुढे धरली.

"ही तुझ्याजवळ ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

ती माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत राहिली. "देणार होतात?"

"हो."

"तुम्हाला देऊ नको, की आत्यांना?"

"दोघांनाही. माझा माझ्यावर भरवसा नाही."

तिने हात पुसले, चावी घेतली आणि कमरेला खोचली. बाहेर आईच्या खाटेवर जाऊन बसली, तिचे पाय मांडीवर घेतले. आई तिच्याकडे पाठ करून रडत होती, लहान पोर रुसावं तशी. स्नेहल गुडघे दाबत राहिली.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. "उभे काय राहिलात? तेल गरम करून आणा."

महिनाभरात तिने मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी तेल तापवायला गेलो.